उंचीची साक्ष

गिरगांवच्या चौपाटीसंबंधीं एक आख्यायिका मुंबईंतल्या जुन्या घरांतून आजहि सांगितली जाते. शिवकर बापूजी तळपदे नांवाच्या गृहस्थांनीं १८९५ सालीं, म्हणजे राइट बंधूंच्या आधीं आठ वर्षें, 'मरुत्सखा' नांवाचें विमान ह्या चौपाटीवरून उडविलें. त्यांत माणूस नव्हता. तें १५०० फूट उंच गेलें आणि मग खालीं आलें, अशी ती आख्यायिका होय. न्यायमूर्ति रानडे आणि श्रीमंत सयाजीराव गायकवाड हे प्रेक्षकांत होते, असेंहि ती सांगणारे सांगतात. २०१५ सालीं ह्या कथेवर एक हिंदी चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानविद्येवर वाचलेल्या एका निबंधानें मोठा वादहि उठविला. वाद करणाऱ्यांचे दोन पक्ष ठरलेले आहेत. एकास ती कथा अक्षरशः खरी वाटते. दुसऱ्यास ती हंसण्यावारी नेण्याजोगी वाटते. आम्हांस ह्या दोहोंपैकीं एकाहि पक्षांत शिरावयाचें नाहीं. आम्हांस त्या कथेंतील एका आकड्यापाशीं थोडा वेळ थांबावयाचें आहे. तो आकडा १५०० हा होय.

राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. त्याची उंची २८० फूट. पंधराशें फूट म्हणजे एकावर एक असे पांच राजाबाई टॉवर रचावे आणि वर आणखी शंभर फूट जावें इतकी उंची झाली. वाळूवर मान वर करून उभ्या राहिलेल्या मनुष्यास ती नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येणें शक्य नाहीं. किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणांहून थिओडोलाइटनें कोन घेतले असते तर ती काढतां आली असती. भूमापनाची ती विद्या त्या वेळीं ह्या देशांत चांगली रुजलेली होती. विमानांतच आपोआप रेघ ओढणारा वायुभारमापक ठेवला असता तरी काम भागलें असतें. बलून उडविणारे लोक तेव्हां तसे मापक वापरीत असत. परंतु आख्यायिकेंत थिओडोलाइट नाहीं आणि वायुभारमापकहि नाहीं. आकडा आहे, पण मोजणारा नाहीं.

तळपदे हे कल्पित पुरुष नव्हते, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्यांचा जन्म १८६४ चा, राहणें चिराबाजारांत, आर्यसमाजाकडे त्यांचा ओढा, संस्कृत ग्रंथांचा व्यासंग, आणि हातांत कारागिरी. विमानविद्येचा ध्यास त्यांनीं जन्मभर घेतला, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. शंका आहे ती त्या उड्डाणाविषयीं. ह्या कथेला आधार म्हणून 'वैमानिकशास्त्र' ह्या ग्रंथाचें नांव पुष्कळदां घेतलें जातें. परंतु तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ ह्या वर्षांत सांगितला व लिहविला. तेव्हां १८९५ च्या विमानाचा आधार तो होऊं शकत नाहीं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्या ग्रंथाची बारकाईनें परीक्षा केली. ग्रंथ प्राचीन नसून १९०४ नंतरचा आहे, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा निर्णय त्यांनीं दिला. हा निर्णय त्यांनीं तिरस्कारानें दिला नाहीं. वजनें, आकार व बळें मांडून दिला. ज्या गोष्टीला मापें आहेत तिची परीक्षा करतां येते. मरुत्सख्याचीं मापेंच आपल्यापर्यंत आलेलीं नाहींत, म्हणून त्याला कोणी खरेंहि ठरवूं शकत नाहीं व खोटेंहि ठरवूं शकत नाहीं. अभिमानानें सांगावयाच्या गोष्टीची याहून केविलवाणी स्थिति दुसरी कोणती?

आतां १९०३ सालच्या डिसेंबरच्या १७ तारखेकडे वळूं. अमेरिकेच्या पूर्वकिनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूंत, राइट बंधूंचें विमान उभें आहे. तेथेंहि समुद्र, वाळू आणि मूठभर प्रेक्षक. देखावा आपल्या चौपाटीहून फारसा निराळा नाहीं. पहिलें उड्डाण अवघें १२ सेकंदांचें व १२० फुटांचें झालें. त्या दिवसाचें चौथें व शेवटचें उड्डाण ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें. हे आकडे जगानें मानले, याचें एक कारण त्या विमानावरच बसविलेलें होतें. वैमानिक पोटावर पालथा निजे. त्या यंत्रावर तीन लहान उपकरणें होतीं: वेळ मोजणारें घड्याळ, वाऱ्यांतून किती अंतर कापलें तें मोजणारा वायुवेगमापक, आणि एंजिनाच्या फेऱ्या मोजणारा गणक. उड्डाण संपतांच तीं बंद पडावीं अशी योजना होती. समोरासमोरचा वारा जोराचा असल्यानें जमिनीवरचें अंतर थोडें दिसे. हवेंतून कापलेलें अंतर त्याहून किती तरी अधिक होतें, आणि तें त्या मापकानेंच सांगितलें. मागें उरलें तें एक छायाचित्र, पांच साक्षीदार व तीन उपकरणांचे आंकडे. विमानांतील उपकरणांच्या फलकाचा, ज्याला वैमानिक 'पॅनेल' म्हणतात त्याचा, इतिहास येथून सुरू होतो असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

वाचकांस वाटेल कीं हें सर्व मोठमोठ्या कारखान्यांचें व सरकारांचें काम. घरगुती माणसाचा ह्याशीं काय संबंध? पण विमान घरीं बांधणारे लोक जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं एक आपल्याच मुंबईंतले. कॅप्टन अमोल यादव हे धंद्यानें वैमानिक. त्यांनीं कांदिवलीच्या चारकोप भागांतील आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. त्याआधींचे त्यांचे दोन प्रयत्न फसले होते. फेब्रुवारी १९१६ नव्हे, २०१६ सालीं वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत हें विमान लोकांनीं पाहिलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची सरकारदरबारीं नोंद झाली. ऑक्टोबर २०१९ मध्यें उड्डाणाची परवानगी मिळाली. आणि २०२० सालीं धुळ्याच्या धांवपट्टीवर त्याचीं चाचणीचीं उड्डाणें झालीं. चौपाटीच्या आख्यायिकेपेक्षां ही हकीकत कमी रंगतदार आहे. तींत अर्ज, नोंदी, तपासण्या आणि प्रतीक्षा यांचाच भरणा अधिक. पण तिच्या प्रत्येक पायरीला तारीख आहे.

घरीं विमान बांधणारा मनुष्य फलक कसा करतो, तें आतां पाहूं. तो पहिल्यानें पत्र्याला हात लावीत नाहीं. आधीं पुठ्ठ्याचा फलक कापून जागेवर बसवितो, आसनावर बसून पट्टे आवळतो, आणि प्रत्येक कळीपर्यंत हात पोंचतो कीं नाहीं, कोणती तबकडी सुकाणूच्या दांड्याआड जाते, उन्हाची तिरीप कोणत्या कांचेवर पडते, हें पाहतो. पुठ्ठा दोनचारदां फुकट गेला तरी चालतो. पत्रा फुकट जाऊन चालत नाहीं. मग दीड-दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा घेऊन त्यावर आंखणी होते. मुख्य तबकड्यांचीं भोकें तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच व्यासाचीं असतात; हें माप साऱ्या जगांत चालतें, त्यामुळें एका देशांतली तबकडी दुसऱ्या देशांतल्या फलकांत बसते. भोकाची कड कानशीनें घासून गुळगुळीत करावी लागते, कारण तीक्ष्ण कोपऱ्यापाशीं कंपनानें चीर पडते. एंजिनाचा थरथराट तबकड्यांपर्यंत पोंचूं नये म्हणून फलक रबराच्या गुट्ट्यांवर तोलून धरतात. आणि होकायंत्राच्या आसपास लोखंडी स्क्रू न वापरतां पितळी वापरतात.

स्क्रूवरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नागदेवी स्ट्रीटवर पाहिजे तो स्क्रू मिळतो, लोहार चाळींत पाहिजे ती तार, आणि लॅमिंग्टन रोडवर पाहिजे तो विजेचा भाग. मुंबईच्या हौशी कारागिरांचीं हीं तीर्थक्षेत्रेंच होत. परंतु विमान बांधणारा जाणता असेल तर तेथून नमुन्यापुरतें सामान घेतो. खऱ्या विमानांत घालीत नाहीं. तो स्क्रू वाईट असतो म्हणून नव्हे. तो कोणत्या धातूचा, कोणीं केला व कोणत्या कसोटीस उतरला, हें सांगणारा कागद त्याजबरोबर नसतो म्हणून. विमानाच्या धंद्यांत कागद नसलेला खिळा हा साक्षीदार नसलेल्या कथेसारखा आहे. तो चांगला असेलहि, पण आपण त्यावर जीव टांगीत नाहीं.

होकायंत्राविषयीं बोलूं लागलों म्हणजे मुंबईकरास कुलाब्याची आठवण व्हावयास पाहिजे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तेथें १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें होत असत. पुढें शहरांत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें त्या नाजूक उपकरणांचे कांटे खोटें बोलूं लागतील, हें वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनीं ओळखलें. म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ सालीं खाडीपलीकडे अलिबागेस नेण्यांत आली, आणि तिच्या इमारतींत लोखंड येणार नाहीं अशी दक्षता घेण्यांत आली. कांहीं काळ दोन्हीं ठिकाणचीं निरीक्षणें बरोबरीनें घेऊन जुन्या व नव्या मापांचा मेळ घातला गेला. विजेची ट्राम मुंबईंत धांवली ती १९०७ सालीं. म्हणजे खोटें येण्याआधींच खरें दूर नेऊन ठेवलें होतें. घरगुती विमानाच्या होकायंत्राबाबत हेंच लहान प्रमाणावर करावें लागतें. विमान उघड्या जागीं नेऊन तीस तीस अंशांनीं फिरवितात, एंजिन व दिवे चालू ठेवून प्रत्येक दिशेस होकायंत्र किती चुकतें तें टिपतात, आणि उरलेली चूक एका लहानशा पत्रिकेवर लिहून ती होकायंत्राखालींच लावून ठेवतात. आपली चूक आपल्या छातीवर लावून हिंडणारें उपकरण हें एकटेंच असावें.

उंचीमापक हा मूळचा वायुभारमापकच. वर जावें तसा हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीजवळ सुमारें २८ फूट चढलें कीं एक मिलिबार उतरतो. पोकळ धातूची एक डबी दाब कमी झाला कीं फुगते आणि कांटा फिरविते. पण ह्या यंत्राला उंची दिसत नाहीं. त्याला फक्त दाब कळतो. मुंबईंत जानेवारीपेक्षां जुलैंत हवेचा दाब सुमारें दहा मिलिबारांनीं कमी असतो. जानेवारींत जुळविलेला उंचीमापक हात न लावतां जुलैंत चौपाटीच्या वाळूवर आणून ठेवला, तर आपण पावणेतीनशें फूट उंचीवर, म्हणजे जवळजवळ राजाबाई टॉवरच्या शेंड्याइतके वर आहों, असें तो सांगेल. म्हणून त्या दिवसाचा दाब विचारून कांटा पुन्हां जुळविल्याशिवाय वैमानिक निघत नाहीं. मोजमाप असणें हें पुरेसें नाहीं. तें कशाशीं जुळविलें आहे हेंहि सांगावें लागतें.

वेगमापकाची विद्या याहून जुनी. आंरी पितो ह्या फ्रेंच विद्वानानें १७३२ सालीं सेन नदीचा वेग मोजण्यास प्रवाहाकडे तोंड केलेली एक नळी योजिली. तीच नळी आज विमानाच्या पंखाखालीं असते. समोरून येणारी हवा तींत दाबली जाते आणि त्या दाबावरून वेग कळतो. दाब फार थोडा असतो. ताशीं शंभर नॉट, म्हणजे सुमारें १८५ किलोमीटर वेगाला, पाण्याचा स्तंभ अवघा १६५ मिलिमीटर चढतो. म्हणून हौशी बांधणारा घरच्या घरीं पारदर्शक नळींत पाणी भरून, फुटपट्टी लावून आपला वेगमापक तपासूं शकतो. शाळेंतल्या मुलासहि कळावी अशी ही परीक्षा आहे. आणि ती नळी इतकी बारीक कीं एखादी कुंभारीण माशी तींत मातीचें घर करूं शकते. १९९६ च्या फेब्रुवारींत डोमिनिकन प्रजासत्ताकांतून निघालेलें एक मोठें विमान वेगमापक खोटा बोलल्यामुळें समुद्रांत कोसळलें व १८९ माणसें दगावलीं. नळी बुजली होती आणि ती बहुधा अशाच माशीनें बुजविली, असा तपासाचा कल होता. विमान उभें असतांना त्या नळीवर लाल फडक्याचें टोपण घालण्याची रीत आहे, ती उगीच नव्हे.

इतकें झालें तरी रात्रीं किंवा ढगांत वैमानिकास वर-खालीं कळत नाहीं. आपल्या कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय जमिनीसाठीं घडलेलें आहे; वळणारें विमान त्यास सहज फसवितें. ह्यावर उपाय सांपडला तो मुलांच्या भोंवऱ्यांत. जोरानें फिरणारा भोंवरा आपला आंस सोडीत नाहीं. तो आंस धरून कृत्रिम क्षितिज दाखविणारें उपकरण स्पेरी यांच्या कारखान्यानें केलें. १९२९ च्या सप्टेंबरच्या २४ तारखेस जेम्स डूलिटल ह्यांनीं बैठक पूर्ण झांकून घेऊन, केवळ उपकरणांकडे पाहून विमान उडविलें, फिरविलें व उतरविलें. पुढें १९३७ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलानें सहा तबकड्यांची मांडणी ठरवून दिली: वेग, क्षितिज, उंची, चढ-उतार, दिशा आणि वळण. एका विमानांतून दुसऱ्यांत बसलेल्या वैमानिकास शोधाशोध पडूं नये हा हेतु. आज तबकड्यांच्या जागीं कांचेचे पडदे आले, तरी ह्याच सहा गोष्टी ते दाखवितात, आणि नळी पितोचीच आहे.

ह्या क्षितिजाच्या तबकडीचें मोल मुंबईस फार महाग पडून कळलें आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं सांताक्रूझ विमानतळावरून दुबईस निघालेलें एअर इंडियाचें 'सम्राट् अशोक' हें बोइंग ७४७ विमान वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत कोसळलें. उड्डाणास दोन मिनिटेंहि झालीं नव्हतीं. आंतील २१३ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. कप्तानासमोरची क्षितिजदर्शक तबकडी बिघडली व विमान उजवीकडे कललेलें दाखवूं लागली; खालीं काळा समुद्र, वर काळें आकाश; त्यांनीं तिजवर विश्वास ठेवून विमान डावीकडे लोटलें. शेजारच्या वैमानिकासमोर दुसरी तबकडी होती, मधोमध राखीव तिसरीहि होती, आणि त्या खऱ्या होत्या. पण तिघींची साक्ष ताडून पाहण्यास वेळ राहिला नाहीं. तेव्हां उपकरण आहे म्हणून सत्य हातीं आलें, असें समजणेंहि चूकच. एका साक्षीदाराची दुसऱ्याशीं गांठ घालून देणें हाच फलकाच्या मांडणीचा अर्थ आहे, आणि म्हणूनच घरगुती विमानाचा बांधणारा आपल्या पुठ्ठ्याच्या फलकापुढें इतके दिवस घालवितो.

शेवटचें काम रंगाचें. वेगमापकाच्या तबकडीवर पांढरी, हिरवी व पिवळी कमान आणि एक लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे जिच्यापलीकडे कधींहि जावयाचें नाहीं ती मर्यादा. परळ-लालबागच्या गिरण्यांत बॉयलरच्या दाबमापकावर अशीच लाल रेघ असे. आगवाल्याचें सारें लक्ष तिच्यावर. कारखान्यांतून आलेल्या विमानांत ह्या कमानी आयत्या मिळतात. घरीं बांधलेल्या विमानांत त्या आयत्या नसतात. किती कमी वेगास पंख हवा धरून ठेवण्याचें सोडतात, तें त्या विमानाचें त्यालाच ठाऊक. चाचणीचा वैमानिक भरपूर उंचीवर जाऊन वेग हळूहळू कमी करीत जातो, विमान थरथरून नाक टाकतें, तो आकडा टिपतो, आणि असें पुनःपुन्हां करून मग हिरव्या व पांढऱ्या कमानीची खालची टोंकें तबकडीवर उमटतात. त्या दोन बोटांच्या रंगीत पट्टीमागें एका माणसानें जीव धोक्यांत घालून मिळविलेले आकडे असतात.

ह्या सर्व विवेचनानंतर पुन्हां चौपाटीवर जाऊं. तळपद्यांचा उपहास करण्याचें आमच्या मनांत नाहीं. घरच्या पैशानें, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हंसण्याकडे दुर्लक्ष करून, आकाशाचा ध्यास घेणारा मनुष्य कोणत्याहि काळीं आदरासच पात्र आहे. आणि ह्या बाबतींत चिराबाजारचे तळपदे व चारकोपचे यादव एकाच कुळांतले होत. फरक आहे तो आपण त्यांच्याशीं कसे वागलों याचा. यादवांच्या विमानाला आपण कागद मागितले, तपासण्या केल्या, वर्षानुवर्षें ताटकळत ठेविलें. त्यांत कांहीं भाग निव्वळ दिरंगाईचा असेल आणि त्याबद्दल तक्रार करणेंहि योग्य होईल. परंतु अखेर जें उडालें त्याचें उड्डाण कोणी नाकारूं शकत नाहीं. तळपद्यांना मात्र आपण कांहीं विचारलें नाहीं. वजन किती, एंजिन कोणतें, वेळ किती लागला, उंची कशानें मोजली, ह्यांतला एकहि प्रश्न न विचारतां आपण त्यांना पंधराशें फूट उंची बक्षीस देऊन टाकली. तें बक्षीस दिसावयास उदार आहे. पण त्यामुळें खऱ्या तळपद्यांनीं जें कांहीं केलें असेल, मग तें दहा फुटांचें उड्डाण असो कीं एक प्रामाणिक अपयश असो, तें त्या आकड्याखालीं कायमचें झांकून गेलें. राइट बंधूंनीं आपले १२ सेकंद १२ च ठेवले; त्यांचे पंधरा केले नाहींत. आपल्या मुलांना चौपाटीवर नेऊन ही आख्यायिका सांगावी, अवश्य सांगावी. मात्र ती संपल्यावर एखाद्या मुलानें वर पाहून "पण मोजलें कोणीं?" असें विचारलें, तर त्यास गप्प बसवूं नये. पुढल्या विमानाचा फलक कदाचित् तोच करील.